आधी पावतीपुस्तक, मग तानपुरा : रस्त्यावरच्या मुलांसाठी ऑनलाइन मैफल कशी उभी करावी

आमच्या पहिल्या ऑनलाइन मैफलीत दुसरे गाणे संपले, पडद्यावर क्यूआर कोड झळकला आणि निवेदिकेने मदतीचे आवाहन केले. पाच मिनिटांत जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या काकूंचा फोन आला, ‘‘अहो, स्कॅन केलं तर कुणाचं तरी भलतंच नाव येतंय. पाठवू का नको?’’ ते नाव आमच्या खजिनदारांच्या मुलाचे होते. संस्थेच्या खात्याचा कोड वेळेत हाती आला नव्हता, म्हणून केलेली ती ‘तात्पुरती सोय’ होती. जमलेली सगळी रक्कम दुसऱ्या दिवशी संस्थेच्या खात्यात भरली, हे खरे. परंतु काकूंसारखा फोन न करता किती जणांनी नुसताच मोबाइल बाजूला ठेवला असेल, ते आम्हाला कधीच कळणार नाही. कलाकार, सजावट आणि निवेदनाची संहिता यांवर आम्ही महिनाभर बैठका घेतल्या होत्या आणि पैसे ज्या वाटेने येणार होते त्या वाटेवर अर्धा तासही घालवला नव्हता.

त्यानंतर आम्ही कामांचा क्रमच उलटा केला. पुढील मजकूर त्याच उलट्या क्रमाने लिहिला आहे. आधी संस्था आणि तिची कागदपत्रे, मग पैशाची वाट, मग तारीख आणि गाणी, आणि प्रक्षेपणाची यंत्रणा सर्वांत शेवटी. मोठमोठ्यांनाही हा क्रम चुकवणे महागात पडलेले आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी मैफल केली. तिकीटविक्रीचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले, पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून आलेली त्याहून मोठी रक्कम, करसवलतीची कागदपत्रे आधी केलेली नसल्यामुळे, अमेरिकेच्या करखात्यात अनेक वर्षे अडकून पडली.

संस्था निवडताना

सोलापूर स्थानक मुंबई–चेन्नई लोहमार्गावर आहे, त्यामुळे घरातून निघून आलेली मुले फलाटावर सापडतात. रेल्वे सुरक्षा दल ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेखाली अशा मुलांना ताब्यात घेऊन पुढे बाल कल्याण समितीकडे पोहोचवते. दुसरी मुले कुटुंबासह पदपथावर किंवा पुलाखाली राहतात, आणि तिसरी दिवसभर सिग्नलवर काहीबाही विकून रात्री वस्तीतल्या घरी परततात. या तिन्ही गटांच्या गरजा वेगळ्या असतात आणि एकच संस्था बहुधा तिन्ही गटांत काम करत नाही. म्हणून आपण ज्या संस्थेसाठी मैफल करणार आहोत ती यांपैकी कोणत्या मुलांसाठी नेमके काय करते, हे समजून घेण्यासाठी तिच्या कार्यालयात नव्हे तर कामाच्या जागी निदान दोनदा जाऊन बसावे. निवेदनात सरसकट ‘अनाथ’ हा शब्द घुसतो, तो तेव्हाच गळून पडतो, कारण यांतल्या अनेक मुलांना आई किंवा वडील, पुष्कळदा दोघेही असतात.

संस्थेकडून पुढील कागद मागून घ्यावेत आणि ते मागताना संकोच करू नये : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील नोंदणीचे प्रमाणपत्र, आयकराच्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) खालील नोंदणी, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आणि मुले मुक्कामाला राहत असतील तर बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खालील नोंदणी. शेवटचा कागद नसेल तर तिथेच थांबावे. नोंदणी नसलेल्या ठिकाणी मुले ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि ‘प्रस्ताव पाठवला आहे’ हे उत्तर त्यावर चालत नाही.

आयोजक म्हणून पुढे येणारे आपले मंडळ किंवा मित्रगट नोंदणीकृत नसेल, तर आपण स्वतःच्या नावाने एक रुपयाही गोळा करू नये. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मंडळे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात, तीच गोष्ट इथेही लागू पडते. त्यापेक्षा सरळ मार्ग असा की देणगी थेट संस्थेच्या खात्यात जावी आणि आपण केवळ कार्यक्रम करावा.

अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी कंपनी सामाजिक दायित्व निधीतून (सीएसआरमधून) मदत करू इच्छित असेल, तर एक बारकावा ध्यानात ठेवावा. एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाचे प्रायोजकत्व त्या निधीत धरता येत नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकातच स्पष्ट केले आहे. त्यामुळे अशा कंपनीला मैफलीचा फलक देऊ करण्याऐवजी संस्थेच्या एखाद्या वर्षभर चालणाऱ्या उपक्रमाला थेट निधी देण्याची विनंती करावी. मैफलीचा खर्च मात्र आधीच वेगळा उभा करावा. चादरीचा व्यापारी, औषधांचे दुकान, एखादा डॉक्टर असे चार-पाच जण प्रत्येकी थोडे थोडे देतात, आणि मग ‘तुमच्या देणगीतला एकही पैसा कार्यक्रमावर खर्च होणार नाही’ हे वाक्य निवेदिकेला न चाचरता म्हणता येते.

पैशाची वाट

संस्थेच्या बँक खात्याशी जोडलेला यूपीआय क्यूआर कोड मैफलीच्या किमान तीन आठवडे आधी हाती असावा. तो आला की वेगवेगळ्या बँकांच्या आणि ॲपच्या चार मोबाइलवरून प्रत्येकी एक रुपया पाठवून पाहावा आणि प्रत्येक वेळी पडद्यावर कोणते नाव उमटते ते लिहून ठेवावे. संस्थेचे नोंदणीतले नाव आणि लोकांना माहीत असलेले नाव वेगळे असेल, तर कार्यक्रमात ते तोंडी सांगावे लागते : ‘स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसले तरच रक्कम पाठवा.’

बहुतेक प्रेक्षक कार्यक्रम मोबाइलवरच पाहतात, आणि ज्या मोबाइलवर कोड दिसतो आहे तो त्याच मोबाइलने स्कॅन करता येत नाही. ही गोष्ट सांगितल्यावर सगळे हसतात, पण आधी कुणालाच सुचत नाही. म्हणून कोडाच्या खाली यूपीआय आयडी ठळक अक्षरांत लिहावा, तोच गप्पांच्या चौकटीत (लाइव्ह चॅटमध्ये) सर्वांत वर खिळवून ठेवावा, आणि निमंत्रणाबरोबर व्हॉट्सॲपवर कोडाचे चित्र आधीच पाठवावे, म्हणजे ते गॅलरीतून उघडता येते.

यूपीआयने पैसे आले तरी देणगीदाराचा पत्ता आणि पॅन येत नाही, आणि त्यांच्याविना करसवलतीचे प्रमाणपत्र निघत नाही. त्यासाठी नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि व्यवहार क्रमांक एवढेच विचारणारा छोटा गूगल फॉर्म ठेवावा. ८०जी खाली सामान्यतः देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर मिळत नाही. या तीन गोष्टी फॉर्मच्या माथ्यावर लिहिल्या की निम्मे फोन वाचतात. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यामुळे त्या तारखेनंतरच्या पावतीवर कोणते कलम छापायचे, ते संस्थेच्या सीएकडून लेखी घ्यावे.

तिकीट लावू नये, असे माझे मत आहे. तिकिटाची रक्कम ही सेवेची किंमत ठरते, देणगी नव्हे, त्यामुळे करसवलतीचा प्रश्नच मिटतो. शिवाय तिकीट काढलेल्या माणसाला आपले काम झाले असे वाटते आणि तो पुढे खिशात हात घालत नाही. यूट्यूबच्या सुपर चॅटवरही विसंबू नये, कारण त्या रकमेतील सुमारे ३० टक्के यूट्यूब स्वतःकडे ठेवते.

सोलापूरचे पुष्कळ लोक परदेशात आहेत आणि ते हौसेने पाहतात. त्यांपैकी भारतीय पारपत्र असलेल्यांनी आपल्या भारतातील खात्यातून दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी, ते मूळचे बाळीवेशीतले असले तरी, परकीय अंशदान कायद्याखाली (एफसीआरए) येते. तशी नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खाते संस्थेकडे असल्याशिवाय ती स्वीकारता येत नाही. नोंदणी नसेल तर तसे पडद्यावर स्पष्ट लिहावे. आलेला डॉलर परत पाठवण्याची कटकट फार मोठी असते.

तारीख

१२ एप्रिल हा रस्त्यावरील मुलांचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो, त्यामुळे तो दिवस साहजिकच डोळ्यांसमोर येतो. सोलापुरात मात्र तो अडचणीचा आहे. १४ एप्रिलच्या जयंतीची तयारी शहरभर चालू असते, ढोल-ताशांचे आवाज खिडकी बंद करूनही आत येतात, आणि उन्हाळा इतका चढलेला असतो की पंखा बंद करून गाणे म्हणा असे कलाकाराला सांगण्याची हिंमत होत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा लोक घरात नसतात. आम्हाला फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ मानवला. आयपीएल सुरू झालेले नसते, आर्थिक वर्ष संपत आलेले असल्यामुळे करसवलतीची आठवण ताजी असते, आणि प्रमाणपत्रासाठी देणगीदाराला वर्षभर थांबावे लागत नाही. रविवारी सायंकाळी साडेसात ते नऊ ही वेळ ठेवावी. दीड तासाहून अधिक काळ पडद्यासमोर कुणी बसत नाही, आणि शेवटचे आवाहन रिकाम्या सभागृहात केल्यासारखे होते.

गाणी आणि त्यांचे हक्क

सभागृहात चालून जाणारी गोष्ट इथे अडते. यूट्यूब आणि फेसबुक यांची यंत्रणा ओळखीची धून आपोआप पकडते. थेट प्रक्षेपण मध्येच तोडले जाऊ शकते, नंतरच्या चित्रफितीचा आवाज बंद होऊ शकतो, आणि त्या वेळी दाद मागायला सवड नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. संतांचे अभंग अर्थात मोकळे आहेत, पण शब्द मोकळे असले तरी चाल मोकळी असतेच असे नाही, आणि तिथेच गफलत होते. विसाव्या शतकातील एखाद्या संगीतकाराने दिलेली लोकप्रिय चाल टाळून भजनी मंडळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पारंपरिक चाल घ्यावी किंवा कलाकाराने स्वतः बांधलेली घ्यावी. चित्रपटगीते हवीच असतील तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे परवान्याची विचारणा आधी करावी. ध्वनिमुद्रित संगीतावर, म्हणजे कॅराओकेवर, गाऊ नये.

या बंधनाचा सोलापुराला तोटा कमी आणि फायदाच जास्त आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा शहरात रोज कानी पडतात, आणि चारहींत हक्कमुक्त रचनांचा साठा आहे. सोलापुरातच जन्मलेल्या शाहीर राम जोशींची लावणी, बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचे कन्नड वचन, एक तेलुगू लोकगीत आणि जुन्या शायराची उर्दू गझल एवढ्यात मैफल भरते. शिवाय साखर पेठेतले तेलुगू घर एका तेलुगू गाण्यासाठी मैफल लावते आणि मग शेवटपर्यंत बसते, हा आमचा अनुभव आहे. निमंत्रणपत्रही चार भाषांत काढावे, आणि ते त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून घ्यावे, यंत्राच्या भाषांतरावर सोडू नये.

मुख्य कलाकाराने मानधन नाकारले तर त्याचे आभार मानावेत, पण तबला, हार्मोनियम आणि ध्वनी यांवर बसणाऱ्यांना ठरलेले पैसे त्याच रात्री द्यावेत. त्यांचा तो चरितार्थ आहे, आणि परोपकाराचा भार त्यांच्या खांद्यावर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पडद्यावर मूल नको

या मुद्द्यावर प्रत्येक बैठकीत वाद होतो. एखाद्या मुलाने आपली कहाणी सांगितली तर लोक जास्त देतील, असे कुणीतरी म्हणतेच, आणि ते कदाचित खरेही असेल. तरीही ते करू नये. बाल कल्याण समितीपुढे चौकशी असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ची मनाई आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी, बारा वर्षांच्या मुलीने आज सांगितलेली गोष्ट ती बावीस वर्षांची होईल तेव्हाही एका दुव्यावर सापडणार असते. चेहरा धूसर करणे पुरेसे नसते, कारण आवाज, मागची भिंत आणि गणवेश ओळख देतातच.

त्याऐवजी संस्थेतले काम दाखवावे. आम्ही मुलांनी काढलेली चित्रे गाण्यांच्या मधल्या वेळेत दाखवली. छापील प्रत हातात घेऊन एकेक चित्र तपासत असताना, चुलीपाशी बसलेल्या आईच्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने फिकट लिहिलेले मुलाचे पूर्ण नाव आणि गावाचे नाव दिसले. पडद्यावर ते वाचता आले असते. चित्र कोपऱ्यातून कापून घेतले आणि त्या दिवसापासून हे काम दोन जणांनी स्वतंत्रपणे करायचे, असे ठरवले. दारात ओळीने काढून ठेवलेल्या चपला, पाठ फिरवून ताट वाढणारे हात, काळ्या फळ्यावरची बाराखडी एवढ्याने काम होते. बोलायचे ते संस्थेच्या कार्यकर्त्याने बोलावे, आणि संस्थेच्या स्वतःच्या हिशेबातून काढलेला एक आकडा सांगावा, उदाहरणार्थ एका मुलाच्या महिन्याच्या नाश्त्याचा खर्च. तो आकडा आपण अंदाजाने बनवू नये.

संकटातले मूल दिसल्यास १०९८ या क्रमांकावर फोन करावा, ही पट्टी पडद्याच्या तळाशी सतत ठेवावी.

खोली, आवाज आणि वीज

प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, फाटका आवाज सहन करत नाही. म्हणून कॅमेऱ्यापेक्षा ध्वनीवर खर्च करावा. खोली लहान आणि रस्त्यापासून आत असावी. यंत्रमागांच्या वस्तीजवळ ती नको, कारण मागांची खटखट जमिनीतून येते आणि माइकच्या स्टँडवरून वर चढते. भिंतींवरून आवाज घुमत असेल तर त्यावरचा उपाय सोलापुरात घरोघरी आहे. जाड चादरी भिंतीला न चिकटवता वीतभर अंतर सोडून दोरीवर टांगाव्यात आणि खाली सतरंजीवर आणखी दोन घालाव्यात. टाळी वाजवून पाहावी; शेपटी न उरता ती तिथल्या तिथे विरली तर खोली तयार आहे.

गायक, हार्मोनियम आणि तबल्याच्या दोन्ही अंगांना वेगळे माइक द्यावेत, ते मिक्सरमध्ये घ्यावेत, आणि तिथून ऑडिओ इंटरफेसमार्गे यूएसबीने लॅपटॉपला जोडावेत. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या अंगच्या माइकवर कधीच विसंबू नये. त्यांतील आणि झूमसारख्या ॲपमधील गोंगाट गाळणारी सोय तानपुऱ्याचा अखंड सूर हा पंख्याचा आवाज समजून कापून टाकते. पहिल्या तालमीत आमचा तानपुरा दर चार सेकंदांनी बुडत होता आणि गायिका बिचारी जवारी पुन्हा पुन्हा लावत होती. दोष सॉफ्टवेअरमधल्या एका खुणेचा (सेटिंगचा) होता. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावा आणि ओबीएसमध्ये (थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये) असा कोणताही फिल्टर लावू नये. आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान नाचत राहावी. तबल्याचा द्रुत तुकडा वाजवून घेऊनच ती ठरवावी, नुसत्या आलापावर नव्हे. सोलापुरातला गायक आणि पुण्यातला तबलावादक एकाच वेळी वाजवतील, ही कल्पना सोडून द्यावी. इंटरनेटच्या विलंबामुळे सम कधीच जुळत नाही. बाहेरगावचा कलाकार हवा असेल तर त्याची चित्रफीत आधी मागवावी आणि ती मुद्रित आहे हे सांगून दाखवावी.

वीज आणि इंटरनेट यांची जोडव्यवस्था करावी. लॅपटॉपला बॅटरी असते पण राउटरला नसते, म्हणून इन्व्हर्टर राउटरला आधी जोडावा. देखभालीसाठी वीज कधी बंद राहणार आहे, याची वितरण कार्यालयात चौकशी करावी. फायबरची एक जोडणी आणि दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल हॉटस्पॉटची एक, अशा दोन वाटा हव्यात. लॅपटॉप राउटरला वायफायने नव्हे तर तारेने जोडावा. ७२० पी दर्जासाठी सुमारे ३ ते ४ एमबीपीएस लागतात, त्याच्या दुप्पट अपलोड वेग मैफलीच्याच वेळेला, म्हणजे रविवारी रात्री आठला, मोजून पाहावा. दुपारचा आकडा फसवतो.

यूट्यूबवरच्या चार खुणा

वाहिनीवर थेट प्रक्षेपण पहिल्यांदा सुरू करताना मंजुरीला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि थेट मोबाइलवरून करायचे तर किमान ५० सदस्य लागतात. हा कार्यक्रम ‘मुलांसाठी बनवलेला आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर द्यावे. तो मुलांविषयी आहे, मुलांनी पाहण्यासाठी नाही. चुकून ‘होय’ म्हटले तर गप्पांची चौकटच बंद होते आणि तिच्याबरोबर आपला यूपीआय आयडीही जातो. गप्पांत दुवे टाकण्यास मनाई करावी. एक रंगीत तालीम ‘अनलिस्टेड’, म्हणजे दुवा असलेल्यांनाच दिसेल अशी, ठेवून पूर्ण दीड तासाची करावी.

त्या संध्याकाळी

पाच जण पुरतात : ध्वनी, ओबीएस, गप्पांची चौकट, देणग्यांची नोंद आणि निवेदन. गप्पांवर बसलेल्याचे काम सर्वांत नाजूक आहे, कारण कुणी आपलाच फोन क्रमांक देणगीसाठी म्हणून टाकतो, तर कुणी ओळखीच्या मुलाचे नाव प्रेमाने लिहून जातो. दोन्ही तत्काळ काढावे लागते. आवाहन तीनदाच करावे : दुसऱ्या गाण्यानंतर, मध्यावर आणि शेवटच्या गाण्याच्या आधी. शेवटच्या गाण्यानंतर केलेले आवाहन ऐकायला कुणी उरत नाही. जमलेला आकडा दर आवाहनात वाचावा, देणगीदारांची नावे मात्र त्यांनी फॉर्ममध्ये होकार दिला असेल तरच घ्यावीत. प्रक्षेपण तुटले तर दाखवण्यासाठी एक मुद्रित गाणे ओबीएसमध्ये तयार ठेवावे. आमच्याकडे ते एकदा चार मिनिटे चालले, आणि तेच गाणे सर्वांत चांगले झाल्याचे दोघांनी कळवले.

नंतरचे महिने

दुसऱ्या दिवशी फॉर्ममधील व्यवहार क्रमांक बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहावेत. पैसे आले पण फॉर्म आला नाही, असे पुष्कळ निघतात. यूपीआयच्या नोंदीत सापडेल तेवढ्या खुणेवरून त्यांचा शोध घ्यावा. संस्थेची पावती आठवड्याच्या आत आणि एकूण जमा-खर्च पंधरा दिवसांत सर्वांना पाठवावा, त्यात कार्यक्रमाचा खर्च कुणी दिला तेही लिहावे. करसवलतीचे प्रमाणपत्र संस्थेने आयकर खात्याकडे विवरण भरल्यावरच निघते आणि आजवर त्याची मुदत आर्थिक वर्षानंतरच्या ३१ मेपर्यंत आहे. हे काम संस्थेतली एकच व्यक्ती करत असेल, तर मे महिन्यात तिच्या शेजारी बसून पॅन क्रमांक तपासायला आपल्यातला एक जण द्यावा. सहा महिन्यांनी संस्थेने त्या रकमेचे काय केले याची एक पानी माहिती, पुन्हा मुलांच्या चेहऱ्यांशिवाय, त्याच यादीला पाठवावी. पुढच्या मैफलीचे निमंत्रण जाईल ते त्यानंतर.

राहता राहिले ध्वनिचित्रण. ते वाहिनीवर तसेच राहते आणि दोन वर्षांनीही कुणीतरी त्यातला कोड स्कॅन करतो. संस्थेने मधल्या काळात खाते बदलले असेल तर ती रक्कम अडकते किंवा परत जाते. म्हणून महिन्याभराने यूट्यूबच्याच संपादन सोयीने आवाहनाचे तिन्ही भाग कापून टाकावेत, गप्पांची नोंद लपवावी आणि वर्णनात संस्थेचा चालू पत्ता ठेवावा.